आखाजीच्या आदल्या दिवशीचा सिनेमा

मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना कांद्यावर झाकायच्या ताडपत्र्या लावून भरदुपारी अंधार केला होता, आणि त्या अंधारात पहिल्या रांगेत मधोमध, एरवी वरमाय बसते त्या खुर्चीवर, झुंबरबाई बसली होती. तिला तिथे कोणी बसवलं नव्हतं. ती आली, सरळ पुढे गेली आणि खुर्चीसमोर उभी राहिली. आधी तिथे बसलेली पोरगी न सांगता उठली.

नामपुरात लहानथोर सगळे तिला जीजी म्हणत. नवरा गेल्यावर शेत, कांद्याच्या चाळी, मुलगा आणि सून हे सगळं तिनं एका आवाजावर चालवलं होतं. शाळा दुसरीपर्यंत. पुढचं काय राहिलं ते बाजार समितीत लिलाव ऐकून शिकले, असं ती सांगे, आणि ते खोटं आहे म्हणायची कोणाची छाती नव्हती.

सिनेमाची तिला हौस नव्हती. टीव्हीवर एखादी बाई रडायला लागली की ती म्हणायची, "हिला कोणी कामाला लावा." पण हा सिनेमा गल्लीतल्या धनराजनं केला होता. धनराज लग्नाचं शूटिंग करायचा. कॅसेटी जाऊन सीडी आल्या तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. आठवड्यापूर्वी तो ओट्यावर येऊन उभा राहिला, एकदा या पायावर, एकदा त्या.

"जीजी, मोहिनीनं दिवाळी अंकात गोष्ट लिहिली होती. विज्ञानाची. तिच्यावर सिनेमा केलाय."

"कोन मोहिनी?"

धनराज खाली बघू लागला. लहानपणी त्याच मोहिनीची पाटी फोडून त्यानं जीजीच्या हातचा मार खाल्ला होता.

"ती येणारे सिनेमा दाखवायला," तो म्हणाला. "तिनं निरोप दिलाय. सिनेमा संपल्यावर माय 'घरी चल' म्हणाली तर आखाजीला घरी येईन. नाही म्हणाली तर पुन्हा नामपूरला पाय ठेवणार नाही. कंपनी तिला बंगलोरला पाठवतेय, जीजी. कायमचं."

"झालं सांगून?"

"झालं."

"मग जा."

धनराज गेला. झुंबरबाईनं कोणाला काही सांगितलं नाही. पण सिनेमाच्या दिवशी सकाळी तिनं सुनेला, मीनाला, पुरणाची डाळ वाढवून घालायला लावली आणि आतल्या खोलीतली गादी उन्हात टाकली. मीनानं विचारलं, "कोणी येणारे का?" तर म्हणाली, "गादीला ऊन दाखवाले पाव्हना लागतो का?"

मोहिनीची हकिकत गावाला पाठ होती. बारावी शिकलेली, चुलीपुढे बसून ग्रहताऱ्यांची पुस्तकं वाचणारी पोर. झुंबरबाईनं तिला सिन्नरला दिली, दारात दोन ट्रॅक्टर बघून. लग्नानंतर पोर एकदा रडत आली, अंगावर वळ घेऊन. झुंबरबाईनं तिला स्वतः नेऊन पोचवली. दुसऱ्यांदा आली, दुसऱ्यांदा पोचवली. तिसऱ्यांदा पोर माहेरी आलीच नाही. नाशिकला गेली, सातपूरच्या कंपनीत बारीक तारा जोडायच्या कामाला लागली, खोली घेऊन एकटी राहू लागली. सिन्नरकरांनी बाजारात येऊन झुंबरबाईच्या तोंडावर विचारलं, "लेक कुठे ठेवलीत?"

तिनं तोंडानं उत्तर दिलं नाही. पुढच्या आखाजीला लेकीच्या नावानं घागर भरली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बागलाणातल्या घरात दोघं येतात, सासरी गेलेल्या लेकी आणि मेलेली माणसं. लेकींसाठी झाडाला झोके बांधतात. मेलेल्यांसाठी मातीची घागर पाण्यानं भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आणि त्यांच्या जागी कोणाला तरी पाटावर बसवून पोटभर जेवू घालतात. बाप्या गेला असेल तर बाप्याला, बाई गेली असेल तर बाईला. झुंबरबाईनं जित्या लेकीची घागर भरली आणि शेजारच्या अंबूबाईला पाटावर बसवलं. गाव तीन वर्षं तेच बोलत होतं. गावानं ते बोलावं, हेच तिला हवं होतं.

आता ती अंबूबाई तिच्या डाव्या हाताला बसली होती आणि मीना उजव्या हाताला. मोहिनी आत नव्हती. प्रोजेक्टर लावून ती बाहेर मांडवात बसलीय, असं कोणीतरी म्हणालं. झुंबरबाईनं मान वळवली नाही.

पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या. लग्नाच्या कॅसेटीत नवरा-नवरीच्या नावाआधी पडतात त्याच. पाकळ्यांतून अक्षरं उगवली आणि मीनानं हळू आवाजात वाचली, "तारा परत आली. कथा, मोहिनी."

"नुसती मोहिनी? पुढचं नाव काय उंदरानं खाल्लं?"

"तेवढंच लिहिलंय जीजी."

"बापाचं लिहायला काय शाई लागत होती?"

सिनेमा सुरू झाला. तारा नावाची पोरगी सरकारी यानात बसून परक्या ग्रहावर जाते, अशी गोष्ट होती. यान म्हणजे तोंडाला तोंड लावलेल्या दोन पराती, भोवती दिवाळीची लुकलुकणारी माळ.

"परात सहादूच्या हॉटेलातली शे," अंबूबाई कानाशी लागली. "कडेचा चेपा देख ना."

"भजी तळाले चालली व्हई वर."

पराती दोरीवर हलत वर गेल्या, खालून उदाचा धूर निघाला, आणि मग सगळं यान एका गुलाबी कमळात शिरून नाहीसं झालं. लग्नात नवरीचं तोंड ज्या कमळात दाखवतात त्यात. ग्रह म्हणजे मोसम नदीचं कोरडं पात्र. कॅमेऱ्यापुढे लाल कागद धरल्यामुळे वाळू, दगड, ताराचे हात, सगळं रक्तासारखं दिसत होतं. तेवढ्यात मागून एक म्हैस शांतपणे चालत गेली.

"बाप रे, मंगळावर म्हैस!" मागून कोणीतरी ओरडलं.

"दूध लाल देत असंल!"

हॉल हसून आडवा झाला. धनराज प्रोजेक्टरपाशी उभा राहून घाम पुसत होता. ताराच्या अंगात चकचकीत चांदीच्या कागदाचा झगा होता आणि डोक्यावर पाण्याचा मोठा जार कापून बसवला होता. जारच्या तोंडाला सटाण्याच्या दवाखान्यातला कोणाच्या तरी छातीचा एक्स-रे चिकटवलेला. उजेड पडला की पोरीच्या तोंडावर बरगड्या दिसत. हसणाऱ्यांना त्यात नवीन काही मिळालं. झुंबरबाईच्या ओठाचा कोपराही जरा हलला. एवढंच असेल तर बरं, तिला वाटलं. पोरीनं पोरखेळ लिहिलाय. पोरखेळ बघायचा, बाहेर जायचं, आणि दोन शब्द बोलून मोकळं व्हायचं.

मग यान बिघडलं. रेडिओवर बातमी आली, नाक दाबून धनराजच बोलत होता, की तारा मेली. आणि पडद्यावर ताराची माय आली.

माय म्हणजे सोमा. जत्रेतल्या नाटकात बायकांचं काम करणारा, पन्नाशीचा, दाढी घोटून लुगडं नेसलेला. गावातली एकही बाई या कामाला तयार झाली नव्हती. "जित्या पोरीची खोटी घागर भरायची? कॅमेऱ्याम्होरं?" असं म्हणून एकेकीनं कानाला हात लावला, आणि मग गावात कोणाच्या घरी काय झालं होतं ते आठवून जीभ चावली. म्हणून सोमा.

सोमानं पदर कमरेला खोचला. डाव्या हातानं खोचला, उजवा हात हुकूम द्यायला मोकळा ठेवून. बसायच्या आधी जमिनीवर तळवा आपटला. "पाट त्या बाजूले. त्या नही, त्या!" म्हणून अंगठ्यानं दाखवलं.

"जीजी!" मागून एक बारीक आवाज आला. हसू फुटलं, आणि फुटल्या फुटल्या गिळलं गेलं, कारण पहिल्या रांगेतली मान सगळ्यांना दिसत होती.

ती मान ताठ होती. करू दे नक्कल, झुंबरबाईला वाटलं. माझी नक्कल करायला दाढीवाला आणावा लागला. नामपुरातल्या एका बाईला झेपली नसती.

आणि घागरीचं म्हणाल तर तिचं तिला काहीच वाटलं नाही. ती भरलेली सगळ्यांनी पाहिली होती, पुन्हा पाहत होते. लिहिलंस ना? लिही. खोटं नाही लिहिलंस.

सोमानं घागर मांडली, वर डांगर ठेवलं. मग तो थांबला. दाराकडे बघितलं, कोणी येतंय का म्हणून. डांगर उचलून बाजूला ठेवलं. पदराची गाठ सोडली, आतून एक हिरवी कैरी काढली, ती घागरीवर ठेवली आणि तिच्यावर चिमूटभर मीठ टाकलं.

हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. कोणी खाकरलं, कोणी मूल दटावलं. अंबूबाईचा श्वास तेवढा अडकल्याचा ऐकू आला.

मोहिनी लहानपणी डांगराला तोंड लावायची नाही. कैरी आणि मीठ. दात आंबले तरी कैरी आणि मीठ. त्या आखाजीला स्वयंपाकघरात तिघीच होत्या. झुंबरबाई, वाढणारी मीना, आणि पाटावर अंबूबाई. डांगर कडू निघालं, असं सांगून झुंबरबाईनं ते बाजूला केलं होतं, आणि कैरी ठेवताना दोघींकडे पाठ केली होती.

अंबूबाई सातपूरला सांगायला जाणारी नव्हती. झुंबरबाईनं उजवीकडे बघितलं. मीना पडद्याकडे बघत होती, पापणी न हलवता, जशी चोरी सापडलेली माणसं बघतात. बाजाराच्या दिवशी दळणाच्या नावानं फोनच्या बूथवर जायची ती. झुंबरबाईला आत्ता कळलं, दळणाला इतका वेळ का लागायचा.

पुढचं तिनं बघितलं, पण तोंडात माती असल्यासारखं. पडद्यावर आखाजीचा दिवस होता. पाटावर बसायला सांगितलेली बाई आली नाही. ताट वाढून तयार. दारात तारा उभी, झगा फाटलेला, जारातून आवाज बाहेर येत नाही. सोमा तिला म्हणाला, "कोन शेस वं तू? येळेवर उनी. जेवाले बठ." तारा स्वतःच्या घागरीसमोर, स्वतःच्या पाटावर बसली. जेवायला तिनं जार काढला. सोमानं तोंड बघितलं, हातातलं तूप सांडलं, पडद्यावर विजा चमकल्या, पाकळ्या पडल्या, मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि सनई वाजली. लग्नातली.

हॉल रडत होता. मघाशी म्हशीला हसलेलेच रडत होते. अंबूबाई पदरात तोंड घालून हुंदके देत होती. झुंबरबाई कोरडी होती. घागर भरली ती गावाला दाखवायलाच भरली होती. कैरी गावासाठी नव्हती.

ताडपत्र्या निघाल्या. डोळे दिपलेले लोक बाहेर मांडवात आले आणि कोणी घरी गेलं नाही. निरोपाची गोष्ट धनराजच्या तोंडून सगळ्यांना कळली होती. मोहिनी चहाच्या टेबलापाशी उभी होती. चष्मा लागला होता. खांदे रुंद झाले होते, की ती आता सरळ उभी राहत होती म्हणून तसं वाटत होतं. झुंबरबाई तिच्यासमोर गेली. माणसं आपोआप मागे सरली, आणि गोल झाला.

"बारीक झाली," झुंबरबाई म्हणाली.

"तू पण, माय."

"म्या काही बारीक झाली नही. शेवट तू लिहिला?"

"नाही. शेवट धनराजचा. माझ्या गोष्टीत ती जेवते. माय ताट उचलते, 'पोट भरलं का' विचारते. ती निघून जाते. मायनं तिला ओळखलं की नाही, ते मी लिहिलं नाही."

"का?"

"मला माहीत नव्हतं."

गोलातून कोणीतरी "अरेरे" म्हणालं. झुंबरबाईनं तिकडे एकदा बघितलं आणि ते "अरेरे" परत गेलं.

"घागर लिहायची होती, लिही," ती आवाज खाली आणून म्हणाली. "ती गावले ठाव शे. कैरी कसाले लिहिली?"

"वहिनीनं फोनवर सांगितलं तेव्हा घरी यावंसं वाटलं, माय. त्या दिवशी पहिल्यांदा. लिहायला होतं ते तेवढंच तर होतं."

"ती मन्ही होती. म्या पाठ करीसन ठेवी. तू इकली."

"विकली नाही ग माय..."

"मग ह्या कोन शेत? पाव्हने?"

मोहिनीचे डोळे भरले. तिनं चष्मा काढला, आणि चष्म्याशिवाय ती एकदम पाटी फुटलेल्या पोरीसारखी दिसली. झुंबरबाईच्या जिभेवर दोन शब्द आले. ते सकाळपासूनच होते, डाळीसारखे भिजत. ती ते बोललीही असती. पण तेवढ्यात बाजूला लाल दिवा लागला. धनराजनं कॅमेरा खांद्यावर घेतला होता.

"जीजी, जरा इकडे तोंड करा," तो म्हणाला. त्याचे स्वतःचे डोळे ओले होते, बिचाऱ्याचे. "सीडीच्या शेवटी टाकू. खरी माय, खरी लेक."

"घ्या ना जीजी जवळ," अंबूबाई म्हणाली.

"घ्या, घ्या," गोल म्हणाला. जसं नवरा-नवरीला घास भरवायला सांगतात तसं. कोणीतरी सोमालाही पुढे ढकललं. घोटलेल्या दाढीवर पावडर घेऊन तो आशेनं बघत उभा राहिला.

झुंबरबाईनं लाल दिव्याकडे बघितलं. मग सोमाकडे. तिच्या घरातलं एवढंसं काही या लोकांनी एकदा पाहिलं, तर आता उरलेलंही त्यांना इथेच, उभ्या उभ्या, सनई लावून हवं होतं. तिनं पदर डाव्या हातानं कमरेला खोचला.

"सटाण्याची जीप लागली शे," ती मोहिनीला म्हणाली.

मोहिनीनं चष्मा घातला.

"हो," ती म्हणाली. "बघितली मी." तिनं पिशवी उचलली, खाली वाकून मायच्या पायाला हात लावला, आणि गोलातून वाट काढत रस्त्यावर गेली. धनराजनं कॅमेरा खाली केला. मीना आवाज न करता रडत होती.

तिथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण जीप भरल्याशिवाय निघत नाही. मोहिनी मागच्या फळीवर कडेला बसली आणि जीप तशीच उभी राहिली. ड्रायव्हर बॉनेटला टेकून ओरडत होता, "सटाणा, सटाणा, चला, सटाणा." आखाजीच्या आदल्या दिवशी माणसं गावात येतात, गावातून जात नाहीत. एकेक सीट भरायला युगं लागत होती. मोहिनी फळीवर, झुंबरबाई मांडवाच्या खांबाशी, मध्ये रस्ता. ना तिला उतरता येत होतं, ना हिला घरी जाता येत होतं. गाव दोन्हीकडे बघत होतं, आणि बघत नाही असं दाखवत होतं.

"एकच सीट!" ड्रायव्हर ओरडला, आणि समोर उभी बाई बघून सवयीनं म्हणाला, "जीजी, येता का?"

झुंबरबाई चालू लागली. रस्ता ओलांडला. जीपपाशी गेली, लोखंडी दांडी धरली. सगळ्यांकडे पाठ होती, कॅमेरा नव्हता.

"जेवलीस का?" तिनं विचारलं.

तिच्याकडे तेवढंच होतं. या भागात एवढं पुरतं. 'नाही' म्हटलं की पुढचं आपोआप येतं, चल मग घरी. त्यात कोणाची मान खाली जात नाही. मोहिनीला हे माहीत होतं. त्याच घरात वाढलेली होती ती. तिनं मायच्या हाताकडे बघितलं, दांडी इतकी घट्ट धरलेली की बोटं पांढरी पडली होती. झुंबरबाईला वाटलं, आता 'नाही' येईल.

"जेवले ना, माय," मोहिनी म्हणाली. "कधीच जेवले. अंबूमावशीच्या तोंडानं."

बोचकं छातीशी धरून एक माणूस धावत आला आणि झुंबरबाईच्या बाजूनं आत शिरला. ड्रायव्हर चढला. झुंबरबाईनं दांडी सोडली, का जीप निघाल्यानं ती सुटली, ते तिलाही कळलं नाही. पेट्रोल पंपाच्या वळणापर्यंत चांदीचा कागद लुकलुकत होता. धनराजनं ताराच्या झग्याचा तुकडा मोहिनीला आठवण म्हणून दिला होता, तो पिशवीतून बाहेर आला होता. मग तोही दिसेना.

मागे अंबूबाई येऊन उभी राहिली. ती पुन्हा हुंदके द्यायला लागली होती, या खेपेला मोठ्यानं, लोकांना ऐकू जाईल असं.

"तू कसाले रडते वं?" झुंबरबाई वळून म्हणाली. "दोन पुरणपोळ्या मांगी मांगी खाल्ल्या तू. वर तूप कमी पडलं म्हनलीस."